मुक्त व्यापार की आर्थिक राष्ट्रवाद : उजव्या विचारविश्वातील जुना वाद पुन्हा ऐरणीवर

बेहाला (कोलकाता) : डायमंड हार्बर रस्त्यावर तारातला ओलांडले की कोलकात्याच्या नैर्ऋत्येकडील बेहाला उपनगराची दाट वस्ती सुरू होते. याच रस्त्याने पुढे गेल्यावर बरिशा भागात सावर्ण रायचौधुरी घराण्याच्या जुन्या वास्तूंमध्ये ‘आटचाला’ या मंडपाचे खांब आजही उभे आहेत. १० नोव्हेंबर १६९८ रोजी या घराण्याने सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचे जमीनदारी हक्क ईस्ट इंडिया कंपनीला १,३०० रुपयांच्या मोबदल्यात दिले. तो व्यवहार याच मंडपात झाला, असे परंपरेने सांगितले जाते. त्या तीन गावांतून पुढे कोलकाता उभे राहिले. जॉब चार्नॉक हा या शहराचा संस्थापक नव्हे, असा दावा घेऊन घराण्याचे वंशज कोलकाता उच्च न्यायालयात गेले, तेव्हा २००३ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला.

व्यापारासाठी आलेली कंपनी राज्यकर्ती झाली, हे वाक्य स्वदेशीच्या प्रत्येक भाषणात असते. परदेशी भांडवलाला दार उघडावे की नाही, आयात शुल्क वाढवावे की कमी करावे, एखाद्या व्यापार करारावर सही करावी की नाही, असा प्रश्न उभा राहिला की १६९८ चा हा दाखला हटकून पुढे येतो. मात्र तो कोणाच्या बाजूने जातो, याबद्दल भारतातील उजव्या विचारांच्या वर्तुळातच एकमत नाही. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर प्रथम २५ टक्के आणि नंतर रशियन तेलखरेदीचे कारण देऊन आणखी २५ टक्के शुल्क लादले, तेव्हापासून हे मतभेद पुन्हा उघड झाले आहेत. एका बाजूला स्वदेशीचे आवाहन, दुसऱ्या बाजूला ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी झालेला व्यापक व्यापार करार. महिनाभराच्या आत घडलेल्या या दोन गोष्टी एकाच सरकारच्या आहेत आणि दोन्हींना त्याच्या समर्थकांत पाठीराखे आहेत.

कंपनी : मुक्त व्यापारी की मक्तेदार?

आर्थिक राष्ट्रवादाचा पुरस्कार करणाऱ्यांच्या दृष्टीने कंपनीचा इतिहास हा उघड्या दाराचा परिणाम आहे. मुक्त व्यापाराचे समर्थक त्याच इतिहासाचे वाचन वेगळे करतात. ईस्ट इंडिया कंपनीला राजसनदेने पूर्वेकडील व्यापाराची मक्तेदारी मिळाली होती आणि खुल्या स्पर्धेचे तिला वावडे होते. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये तिच्यावर कठोर टीका केली ती याच कारणासाठी. भारताशी व्यापार करण्याची तिची मक्तेदारी १८१३ मध्ये संपुष्टात आली, ती ब्रिटनमधील मुक्त व्यापारवाद्यांच्या रेट्यामुळे. सत्तेच्या आश्रयाने चालणारा व्यापार हा खुला व्यापार नसतो, एवढे या बाजूचे म्हणणे मान्य करावेच लागते.

अडचण पुढे येते. मक्तेदारी गेल्यावर जो ‘मुक्त व्यापार’ आला तो एकेरी होता. १८४० च्या सुमारास ब्रिटिश सुती माल भारतात साडेतीन टक्के शुल्क भरून येत होता आणि भारतीय सुती मालाला ब्रिटनमध्ये १० टक्के द्यावे लागत होते. पुढे भारतात कापडगिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा मँचेस्टरच्या दबावाखाली १८८२ मध्ये सुती मालावरील आयात शुल्क काढून टाकण्यात आले. तिजोरीला पैसा हवा म्हणून १८९४ मध्ये ते पुन्हा बसवले. १८९६ मध्ये तर परदेशी कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क आणि भारतीय गिरण्यांच्या कापडावर तितकाच उत्पादन कर, अशी व्यवस्था झाली. देशी मालाला मिळू शकणारे संरक्षण एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा प्रकार होता. तो कर १९२६ मध्ये कायमचा रद्द झाला.

या अनुभवाला शास्त्रीय बैठक देण्याचे काम मराठी भूमीत झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांना सर्व काळी सारखेच लागू पडतात, या समजुतीला आव्हान दिले. जर्मन विचारवंत फ्रीडरिख लिस्ट यांचा आधार घेत, उद्योगात मागे असलेल्या देशात राज्यसंस्थेने उद्योगांना हात दिला पाहिजे, असे त्यांनी मांडले. रानडे हे राजकारणात मवाळ, समाजकारणात सुधारक. म्हणजे आर्थिक राष्ट्रवाद ही आरंभी उजव्यांची मक्तेदारी नव्हतीच.

तोच विचार बंगालच्या घराघरांत नेला तो एका मराठी माणसाने. देवघर परिसरात जन्मलेले सखाराम गणेश देउस्कर कोलकात्यात पत्रकारिता करत. ‘देशेर कथा’ हे त्यांचे बंगाली पुस्तक १९०४ मध्ये निघाले. भारतातील कारागिरी कशी मोडली आणि संपत्ती बाहेर कशी गेली, याचे सोप्या भाषेतील ते निवेदन होते. पुढच्याच वर्षी, ७ ऑगस्ट १९०५ रोजी, कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये बहिष्काराचा ठराव झाला आणि स्वदेशी चळवळ पेटली. १९१० मध्ये इंग्रज सरकारने हे पुस्तक जप्त केले. कोलकात्यात शिवाजी उत्सव रुजवण्यातही देउस्करांचा मोठा वाटा होता. महाराष्ट्राने मात्र त्यांना जवळपास विसरून टाकले आहे.

उजव्यांची दोन घराणी

स्वातंत्र्यानंतर उजव्या बाजूला दोन वेगळे प्रवाह दिसू लागले. कोलकात्याचे डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी हे नेहरूंच्या मंत्रिमंडळात उद्योग व पुरवठा मंत्री होते. १९४८ चा पहिला औद्योगिक धोरण ठराव त्यांच्याच कार्यकाळातला. म्हणजे १९५१ मध्ये ज्यांनी भारतीय जनसंघ स्थापन केला, त्यांना सरकारने उद्योग उभारण्यात तत्त्वतः गैर वाटत नव्हते. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांतून ‘एकात्म मानववाद’ मांडला. त्यात भांडवलशाही आणि साम्यवाद या दोघांनाही नकार होता आणि स्वदेशी व विकेंद्रित अर्थव्यवस्थेचा आग्रह होता.

दुसरा प्रवाह मुंबईच्या उद्योगवर्तुळात आणि मद्रासेत वाढला. ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये मुंबईत ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ सुरू केले. चक्रवर्ती राजगोपालाचारी, मिनू मसानी आदींनी १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष स्थापन केला. परवाने, कोटा आणि नियंत्रणे यांच्या राज्याला त्यांचा विरोध होता. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत स्वतंत्र पक्षाला ४४ आणि जनसंघाला ३५ जागा मिळाल्या. आज हे आकडे वाचताना आश्चर्य वाटते, पण त्या वेळी देशातील मोठा उजवा पक्ष हा खुल्या बाजाराचा पक्ष होता. दोघांनी एक व्हावे, असे बलराज मधोक यांच्यासारख्यांना वाटत होते. ते झाले नाही. स्वतंत्र पक्ष १९७४ मध्ये विसर्जित झाला, मधोक त्याआधीच जनसंघाबाहेर पडले होते.

आर्वीचे ठेंगडी, साताऱ्याचे जोशी

या वादाला खरी धार आली ती १९९१ नंतर. २४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पाने आर्थिक उदारीकरणाचा मार्ग खुला केला. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला नागपुरात स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली. मंचाचे पहिले निमंत्रक डॉ. म. गो. बोकरे हे नागपूर विद्यापीठाचे माजी कुलगुरू. मूळचे ते मार्क्सवादी अभ्यासक, नंतर त्यांनी ‘हिंदू इकॉनॉमिक्स’ लिहिले. मंचामागचे मुख्य विचारवंत दत्तोपंत ठेंगडी यांचा जन्म वर्धा जिल्ह्यातील आर्वीचा, १० नोव्हेंबर १९२० चा. बरिशाच्या दस्ताची आणि ठेंगडींच्या जन्माची तारीख एकच असावी, हा निव्वळ योगायोग. भारतीय मजदूर संघ (१९५५) आणि भारतीय किसान संघ (१९७९) या संघटनाही त्यांनीच उभ्या केल्या. त्यामुळे त्यांचा जागतिकीकरणाला असलेला विरोध केवळ ग्रंथगत नव्हता. कारखान्यातील कामगार, लहान उद्योजक आणि कोरडवाहू शेतकरी असे प्रत्यक्ष लोक त्यांच्या डोळ्यांसमोर होते. जागतिक व्यापार संघटनेतील नियम बलाढ्य देशांनी स्वतःच्या सोयीने बनवले आहेत आणि अशा चौकटीत केलेला व्यापार हा १८४० च्या एकेरी व्यापाराचीच पुढची पायरी आहे, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता.

त्याच काळात महाराष्ट्रातूनच दुसरा आवाज उठत होता. साताऱ्यात जन्मलेले शरद जोशी स्वित्झर्लंडमधील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून परतले आणि चाकणच्या कांदा आंदोलनातून शेतकरी संघटना उभी राहिली. डंकेल प्रस्तावावर देशभर काहूर उठले असताना जोशी यांनी त्याचे जाहीर स्वागत केले. त्यांचे म्हणणे असे की, भारतीय शेतकऱ्याला लुटणारा परकीय नाही. निर्यातबंदी, जिल्हाबंदी, लेव्ही आणि स्वस्त आयात या मार्गांनी त्याचा भाव पाडणारे त्याचे स्वतःचेच सरकार आहे. भारत शेतीला अनुदान देतो म्हणतात, प्रत्यक्षात ते उणे आहे, हा त्यांचा मुद्दा तेव्हा अनेकांना अतिशयोक्ती वाटला. पण भारताने जागतिक व्यापार संघटनेला १९८६ ते १९८८ या आधारकाळाची जी आकडेवारी दिली, तिच्यातही पिकांना मिळणारा आधार एकंदरीत उणेच निघाला होता.

जोशी यांना उजवे म्हणावे का, हा प्रश्न रास्त आहे. त्यांनी स्वतःला उदारमतवादी म्हटले आणि १९९४ मध्ये काढलेल्या पक्षाला ‘स्वतंत्र भारत पक्ष’ हे राजाजींच्या परंपरेची आठवण देणारे नाव दिले. तरीही २००४ मध्ये ते राज्यसभेवर गेले ते शिवसेना-भाजप युतीच्या पाठिंब्याने. स्वदेशीवाद्यांशी त्यांचे मतभेद एकाच छत्राखालच्या दोन माणसांचे होते.

त्यांची मांडणी समजून घ्यायची तर कापसाकडे पाहावे. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू होती. विदर्भातील शेतकऱ्याला आपला कापूस राज्याबाहेर नेऊन विकण्याची मुभा नव्हती. शेजारच्या मध्य प्रदेशात किंवा आंध्रात भाव जास्त असला तरी सीमेवर गाडी अडवली जाई. मुक्त व्यापार हा शब्द उच्चारला की मुंबईत बंदरे आणि डॉलर आठवतात. विदर्भातल्या शेतकऱ्याला तो शब्द राज्याच्या सीमेवरील नाक्याची आठवण देत होता.

सत्तेत आल्यानंतर

विरोधात असताना तत्त्व सांभाळणे सोपे असते, ही गोष्ट या वादात वारंवार दिसली. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प हे त्याचे ठळक उदाहरण. १९९५ मध्ये स्वदेशीच्या घोषणेवर सत्तेत आलेल्या युती सरकारने ऑगस्टमध्ये तो रद्द केला आणि काही महिन्यांत फेरवाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला. मे १९९६ मधील अटलबिहारी वाजपेयी यांच्या तेरा दिवसांच्या केंद्र सरकारने जाता जाता त्याच्या प्रतिहमीला मंजुरी दिली. २००१ मध्ये वीजनिर्मिती थांबली आणि त्या वर्षअखेरीस अमेरिकेतील मूळ कंपनीच दिवाळखोर झाली. स्वदेशी जागरण मंचाला ‘आम्ही सांगत होतो’ असे म्हणण्याची ती संधी होती. खुल्या बाजाराचे समर्थक मात्र विचारत राहिले की, एकाच खरेदीदाराला ठरावीक दराने वीज घ्यायला लावणारा आणि सरकारी हमीवर उभा राहिलेला तो करार बाजार या संज्ञेत बसतो तरी का.

१९९८ च्या अर्थसंकल्पात यशवंत सिन्हा यांनी आयातीवर आठ टक्के विशेष अतिरिक्त शुल्क सुचवले आणि काही दिवसांत ते चार टक्क्यांवर आणले. १९९९ च्या अखेरीस विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले, त्यात परदेशी भांडवलाला २६ टक्क्यांपर्यंत वाट मिळाली. जागतिक व्यापार संघटनेतील तंटा अमेरिकेविरुद्ध हरल्यावर १ एप्रिल २००१ पासून आयातीवरील उरलीसुरली संख्यात्मक बंधनेही उठवावी लागली. त्याच महिन्यात मजदूर संघाने दिल्लीच्या रामलीला मैदानावर स्वतःच्या विचारपरिवारातील सरकारविरुद्ध प्रचंड मेळावा घेतला. ठेंगडी त्यात कठोर शब्दांत बोलले. एका विचारपरिवाराचे सरकार आणि त्याचीच कामगार संघटना अशा प्रकारे समोरासमोर आल्याचे उदाहरण भारतीय राजकारणात विरळाच. ठेंगडी यांनी २००३ मध्ये देऊ केलेला पद्मभूषण सन्मानही स्वीकारला नाही.

परदेशातही हेच भांडण

हा पेच फक्त भारतीय उजव्यांचा नाही. ब्रिटनमध्ये १८४६ साली रॉबर्ट पील या हुजूर पक्षाच्या पंतप्रधानाने धान्यावरील संरक्षक कायदे रद्द केले. स्वस्त भाकरी मिळाली, पण जमीनदारांचा पक्ष फुटला. १९०३ मध्ये जोसेफ चेंबरलेन यांनी साम्राज्यांतर्गत सवलतीच्या शुल्काची मोहीम उघडली आणि पक्षात पुन्हा दोन तट पडले. १९०६ च्या निवडणुकीत त्यांचा दारुण पराभव झाला.

अमेरिकेतील रिपब्लिकन पक्ष तर मुळात शुल्कवाद्यांचाच पक्ष. १८९० चा मॅकिन्ली कायदा आणि १९३० चा स्मूट-हॉली कायदा त्यांचेच. दुसऱ्या महायुद्धानंतर तो हळूहळू मुक्त व्यापाराकडे वळला. तरी रोनाल्ड रेगन यांनाही १९८१ मध्ये जपानी मोटारींच्या आयातीवर ‘स्वेच्छा’ मर्यादा घालून घ्याव्या लागल्या. १९९२ मध्ये पॅट ब्युकॅनन यांनी स्वपक्षाच्याच अध्यक्षाला राष्ट्रवादी मुद्द्यांवर आव्हान दिले, तेव्हा ते हरले. त्यांचा विचार मात्र पाव शतकाने डोनाल्ड ट्रम्प यांच्या रूपाने सत्तेत आला. २०२५ मध्येही रँड पॉल यांच्यासारखे रिपब्लिकन सिनेटर या शुल्कांना उघड विरोध करत राहिले. शुल्क म्हणजे स्वदेशातील ग्राहकावरचा कर, हा त्यांचा युक्तिवाद शरद जोशींच्या वाचकाला अपरिचित वाटणार नाही.

भारताला यातून मिळालेला धडा काहीसा विचित्र आहे. आर्थिक राष्ट्रवाद दोन देशांत एकाच वेळी प्रबळ झाला की दोघांचे राष्ट्रवादी एकमेकांचे मित्र ठरत नाहीत, ते परस्परांचे ग्राहक हिरावून घेतात.

वस्तूगणिक बदलणारे धोरण

२०१४ नंतर केंद्रातील सरकारने या वादाचा तात्त्विक निकाल लावलेला नाही. त्याने प्रत्येक वस्तूचा स्वतंत्र निर्णय केला. २०१८ च्या अर्थसंकल्पात मोबाइल फोनवरील आयात शुल्क १५ वरून २० टक्के झाले आणि जुलै २०२४ मध्ये पुन्हा १५ टक्क्यांवर आले. नीती आयोगाचे पहिले उपाध्यक्ष अरविंद पानगढिया यांनी शुल्कवाढीच्या या वळणावर सातत्याने टीका केली. आयातपर्यायाचे जुने धोरण नव्या नावाने परत येत आहे, असा त्यांचा इशारा होता. उलट स्वदेशी जागरण मंचाने ‘आरसेप’ या आशियाई व्यापार कराराविरुद्ध ऑक्टोबर २०१९ मध्ये देशव्यापी आंदोलन केले. चिनी माल आणि न्यूझीलंडचे दूध यांची भीती त्यामागे होती. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने करारातून अंग काढून घेतले. त्यानंतर संयुक्त अरब अमिराती, ऑस्ट्रेलिया, युरोपीय मुक्त व्यापार संघटनेतील चार देश आणि ब्रिटन यांच्याशी करार झाले. चीन ज्यात आहे तो करार नको आणि चीन ज्यात नाही ते चालतील, असा याचा ढोबळ अर्थ काढता येतो. तरीही २०२४-२५ मध्ये चीनबरोबरच्या व्यापारातील तूट सुमारे ९९ अब्ज डॉलरवर गेली. करार न केल्याने आयात थांबत नाही, हे या एका आकड्याने दाखवून दिले.

ज्याला ‘राष्ट्रहित’ म्हणतात ते प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला येते, हे पाहायचे तर बेहालाच्या पश्चिमेला हुगळीकाठी बजबजकडे जाणारा पट्टा उपयोगी पडतो. हुगळीच्या दोन्ही तीरांवरील तागगिरण्या १९८७ च्या ताग आवेष्टन सक्ती कायद्यावर तग धरून आहेत. या कायद्याखाली अन्नधान्यासाठी १०० टक्के आणि साखरेसाठी २० टक्के पोती तागाचीच वापरावी लागतात. सरकारी आकडेवारीनुसार सुमारे ४० लाख शेतकरी कुटुंबे आणि ३.७ लाख कामगार या उद्योगावर अवलंबून आहेत. यातील धान्याच्या पोत्यांचा भार सरकारी तिजोरी उचलते. साखरेच्या पोत्यांचा भार मात्र महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातील कारखान्यांवर येतो. प्लॅस्टिकचे पोते स्वस्त पडते, साखरेत तागाचे तंतू जातात, अशा तक्रारी साखर उद्योग वर्षानुवर्षे करत आला आहे. कोल्हापूरच्या कारखान्याने बंगालच्या गिरणी कामगारासाठी जादा पैसे मोजावेत का? राष्ट्रवादी म्हणेल, अवश्य, हेच तर एक राष्ट्र असण्याचा अर्थ आहे. बाजारवादी म्हणेल, मग ती मदत अर्थसंकल्पात उघडपणे दाखवा, उसाच्या भावातून गुपचूप कापू नका. दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत. अडचण एवढीच की, पहिल्या उत्तराचा खर्च कोणी किती उचलला, याचा हिशेब कधीच मांडला जात नाही.

संरक्षणाची मर्यादाही याच परिसरात दिसते. बेहालाच्या वेशीवर तारातला येथे १९४७ पासून चालणारा ब्रिटानियाचा बिस्किट कारखाना २०२४ मध्ये बंद झाला. सर्व कायम कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती स्वीकारल्याचे कंपनीने त्या वर्षी जूनमध्ये जाहीर केले. बिस्किटे कोणा परदेशी आयातीने हुसकावली नव्हती. देशातच इतरत्र उत्पादन अधिक परवडते, म्हणून एक जुना कारखाना थांबतो, तेव्हा आयात शुल्काची भिंत कामाला येत नाही. स्वदेशीच्या चर्चेत परकी आणि आपला असे दोनच पक्ष असतात, दोन राज्यांमधील स्पर्धेला त्यात जागा नसते.

महाराष्ट्रातील कांद्याची कथा याच्या उलट टोकाची आहे. तेथे राष्ट्रहिताच्या नावाखाली उत्पादकाचे संरक्षण झाले नाही, त्याची वाट अडवली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, ऑक्टोबरमध्ये किमान निर्यात मूल्य टनाला ८०० डॉलर झाले आणि ८ डिसेंबरला सरळ बंदीच आली. ती ऐन लोकसभा निवडणुकीत, मे २०२४ मध्ये, उठली. कांदापट्ट्यातील दिंडोरी मतदारसंघात केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या, त्यात कांद्याचा वाटा किती, यावर मतभेद असू शकतात. उरलेले २० टक्के निर्यात शुल्क १ एप्रिल २०२५ रोजी मागे घेण्यात आले. शहरातील ग्राहक हा राष्ट्राचा घटक आहे, तसा लासलगावचा उत्पादकही आहे. पण निर्णय होतो तो कोणाची नाराजी आधी जाणवते यावर.

आणि कापूस. अमेरिकेच्या शुल्काने वस्त्रनिर्यात अडचणीत आली तेव्हा कापडउद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क स्थगित केले. सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातील नवा कापूस बाजारात येण्याचा सगळा हंगाम तिच्यात आला. हमीभाव लांब धाग्यासाठी क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झालेला होता, पण खासगी व्यापारी भाव ठरवताना परदेशातून येणाऱ्या गाठींकडे पाहतो. येथे दोन्ही विचारांची गोची झाली. मुक्त व्यापाराचा समर्थक म्हणून शुल्क हटवण्याचे स्वागत करावे, तर निर्यात मोकळी नसताना आयात मात्र मोकळी, या एकतर्फीपणावर शेतकरी संघटनेने आयुष्यभर टीका केली आहे. स्वदेशीवादी म्हणून विरोध करावा, तर निर्यात थांबल्याने बेकार होणारा शिलाई कामगारही स्वदेशीच आहे. ठेंगडींचे आर्वी याच कापूस पट्ट्यात येते.

तागाच्या बाबतीत आता भूगोलाने एक गंमत केली आहे. बांगलादेशातून येणाऱ्या ताग उत्पादनांवर भारताने जानेवारी २०१७ मध्ये टनाला १९ ते सुमारे ३५२ डॉलर प्रतिडम्पिंग शुल्क लावले होते. दोन्ही देशांचे संबंध ताणले गेल्यावर २७ जून २०२५ रोजी काही ताग उत्पादनांची आयात सर्व भूमार्गांनी बंद करण्यात आली. ती आता केवळ एकाच बंदरातून येऊ शकते आणि ते बंदर कोलकाता किंवा हल्दिया नाही, महाराष्ट्रातील न्हावा शेवा आहे. कोलकात्यापासून रस्त्याने काही तासांच्या अंतरावर असलेल्या सीमेपलीकडील ताग आता द्वीपकल्पाला वळसा घालून रायगड जिल्ह्यात उतरतो.